पिवळी की करडी

१७ मे, रविवार

हर्षल स्पोर्ट्स कार घेतोय.

सकाळी पल्लवीचा फोन आला, संध्या पोहे परतत होती तेव्हा. स्पीकरवर. म्हणजे मलाही ऐकू यावं. 'ताई, ह्यांचं दोन गाड्यांत अडकलंय बघ. एक जर्मन, एक इटालियन.' जसं काही मेथी घ्यायची की शेपू! संध्या बहिणीला 'अगं बाई, हो का' म्हणत राहिली आणि पोहे खाली लागले.

हर्षल माझा साडू. धाकटा जावई. चांदवडला कांदा वाळवतो, त्याची पावडर करतो आणि परदेशात पाठवतो. कांद्याची पावडर. आणि मी लग्नाच्या आधीपासून पंचवटीत ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. अर्ध्या नाशिकला क्लच सोडायला मी शिकवलं. खुद्द पल्लवीला मी शिकवलं. आणि माझ्या दारात काय उभं आहे? दोन्ही बाजूंनी ब्रेक असलेली, छतावर पाटी लावलेली पांढरी गाडी. मागच्या बंपरला प्रत्येक विद्यार्थ्याची आठवण आहे.

आजपासून अधिक महिना लागला. सात जूनला दिंडोरीला सासऱ्यांकडे धोंड्याचं जेवण, दोन्ही जावयांना एकत्र. त्याची गाडी नेमकी त्याच्या आत येणार. कळलं. सगळं कळलं.

१८ मे

जळतोय मी. लिहून टाकलं एकदाचं. इथे कोण वाचायला येतंय.

२० मे, बुधवार

दुपारी हर्षल स्वतः स्कूलवर आला. गाडी बरोबर माझ्या बोर्डापुढे लावली, बोर्ड दिसेना. आत येऊन खुर्चीत नीट बसलाही नाही. टेकल्यासारखा बसला. 'भाऊ, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही चालवून बघा. तुम्ही सांगाल ती घेतो.'

असं नम्रपणे बोलतो ना, तेच डोक्यात जातं. उद्धट असता तर निदान भांडता आलं असतं.

मोबाइलवर फोटो दाखवले. मुंबईचा कुणी डीलर आहे, थोड्या वापरलेल्या गाड्या विकतो. इटालियन पिवळी आहे, हळदीसारखी. जर्मन करडी. दोन्ही रविवारी ट्रकवर लादून नाशकात आणतायत, खास ह्याला दाखवायला. आमच्या दारात भाजीवालासुद्धा थांबत नाही.

चहाचे पैसे त्यानेच दिले. मी खिशात हात घालेपर्यंत देऊन झाले होते.

२१ मे

संध्या म्हणाली, 'तुम्हाला विचारतोय तो, त्यात वाईट काय?' तिला कसं सांगू. मला विचारतोय म्हणजे मला दाखवतोय.

दिंडोरीत माझं आहे काय? पहिला जावई एवढंच. लग्न झालं त्या वर्षी स्कूल नीट चालत नव्हतं, घरात बसून करायचं काय म्हणून मी महिनाभर सासरी जाऊन राहिलो होतो. लोक हसले. अण्णा, म्हणजे सासरे, हसले नाहीत. नवीन बाग लावत होते, मला म्हणाले, 'या, खड्डे घ्या.' रस्त्याकडची पहिली ओळ आम्ही दोघांनी मिळून लावली. कलमं त्यांनी केली, पाणी मी घातलं. झाल्यावर सगळ्या गड्यांसमोर म्हणाले, 'ही जावयाची ओळ.'

तेव्हापासून द्राक्षाची काढणी त्या ओळीपासून सुरू होते. पहिला क्रेट आमच्या घरी येतो. व्यापारी दारात उभा असला तरी आधी आमचा क्रेट. हर्षलच्या घरी इतका पैसा आहे, पण हा क्रेट नाही.

एवढाच माझा मान त्या घरात. आता दारात पिवळी नाहीतर करडी उभी राहिली की ओळीकडे बघतंय कोण.

२४ मे, रविवार

चालवल्या. दोन्ही.

त्र्यंबक रोडवरच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये उभ्या होत्या. भोवती ही गर्दी. आधी करडी घेतली. शहाणी गाडी. वळणावर तुमच्या आधी तिला कळतं. ब्रेकवर पाय ठेवायचा अवकाश, उभी. पायाखाली एवढी ताकद आणि वागणं एखाद्या चांगल्या सुनेसारखं.

मग पिवळी. काय लिहू! बसलो म्हणण्यापेक्षा आडवा झालो. चालू केली आणि आवाज पाठीतून वर आला. दुसऱ्या गिअरमध्येच माझ्या तोंडून हसू फुटलं, एकट्याच्या. आयुष्यभर मी लोकांना 'हळू, हळू, तिसरा नको' सांगत आलो. आज कुणी सांगणारं नव्हतं. परत आलो तर खाली उतरावंसं वाटेना. उतरलो. हर्षलच्या हातात किल्ली दिली. तेवढं एक द्यायला नको होतं.

सवयीने वाकून दोन्ही गाड्यांचं पोट बघितलं. करडीला एक बटण आहे, दाबलं की नाक वर उचलतं, चढाव-खड्डा आला की कामाला येतं. पिवळीला ते नाही. डीलरच्या माणसाने सरळ सांगितलं, 'सर, पहिल्या मालकाने तो ऑप्शन घेतला नव्हता. उंचवटे जरा बघून घ्यावे लागतील.' हर्षल तिकडे कुणाच्या तरी पोरांना गाडीत बसवून फोटो काढू देत होता. ऐकलं ते मीच.

आणि मला चारी आठवली.

डांबरी रस्ता सोडून अण्णांच्या घराकडे वळलं की पाण्याची चारी आडवी येते. तिच्यात पाइप, पाइपवर दगड-मुरूम, त्याचा हा उंट झालाय. माझी पांढरी गाडीसुद्धा तिरकी करून काढावी लागते. करडी नाक उचलून गेली असती. पिवळी मधोमध टेकणार. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे. सगळ्या भाऊबंदांसमोर. धोंड्याच्या दिवशी.

घरी येईपर्यंत मी शिट्टी वाजवत होतो.

२५ मे, सोमवार

सांगितलं. 'पिवळी घे. करडी तुझ्या वयाला शोभत नाही, रिटायर झाल्यावर घे.' हर्षल हसला. 'नक्की ना भाऊ?' म्हटलं, नक्की.

संध्याकाळी अण्णांचा फोन. मला! ते कधी मला फोन करत नाहीत, संध्याला करतात.

'मनोजराव, तुम्ही सोता चालवून पाह्यली ना?'

'पाहिली अण्णा.'

'मंग पिवळीच?'

'पिवळीच.'

'बरं. झालं मंग.' ठेवला.

धाकट्या जावयाच्या गाडीची केवढी चौकशी. मी पांढरी घेतली तेव्हा रंगसुद्धा विचारला नव्हता.

२९ मे

मनात सगळं बसवून ठेवलंय. टेकल्यावर हर्षल खाली उतरणार, गुडघ्यावर बसून बघणार. कुणीतरी म्हणणार, ट्रॅक्टर आणा. मी तोंड गंभीर ठेवायचं. 'अरे अरे' म्हणायचं. मग माझी पांढरी गाडी तिरकी करून शेजारून अलगद काढायची आणि अण्णांच्या दारात नेऊन लावायची.

आरशासमोर 'अरे अरे' म्हणून बघितलं. संध्याने विचारलं काय झालं. म्हटलं, दाढ दुखतेय.

१ जून, सोमवार

पल्लवी संध्याला म्हणाली की हर्षल परत करडीचं बोलायला लागलाय. दिवसभर क्लासमध्ये लक्ष नव्हतं. एका बाईंनी सिग्नलला गाडी बंद पाडली, मी नको इतका ओरडलो. बिचाऱ्या उतरून रिक्षाने गेल्या.

संध्याकाळी कळलं, नाही, पिवळीच ठरली. काल दिंडोरीला जाऊन आला म्हणे, तिथे काय ते पक्कं झालं. काय का होईना. पिवळी.

४ जून

आली. नाकाला लिंबू-मिरची, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, टायरखाली लिंबू. फोटोत पल्लवी ओवाळतेय. संध्याने फोटो मोठा करून बघितला. बराच वेळ. मग म्हणाली, 'छान आहे हो.' आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

त्या न बघण्याचं मला किती लागलं हे तिला कधी कळू नये.

७ जून, रविवार

क्रमाने लिहितो, नाहीतर हात चालायचा नाही.

सकाळी हर्षल दिंडोरी नाक्यावर थांबला होता. मी पांढरी शेजारी लावली. तो खाली उतरला आणि किल्ली माझ्यापुढे धरली. 'भाऊ, तुम्ही चालवा. माझा अजून हात बसला नाही. आणि सासरवाडीत पहिल्यांदा तुमच्याच हातून जाऊ दे.'

हे मी धरलंच नव्हतं! चारीवर टेकणार तेव्हा स्टिअरिंगवर मी!

नाही म्हणायला तोंड उघडलं, तर संध्या आणि पल्लवी दोघी पांढरीत बसूनही झाल्या होत्या. पल्लवीने आरसा नीट केला, मी शिकवला तसा.

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना बागा. गाडी कुणी मागे लागल्यासारखी पळायला बघत होती आणि मी तिला चाळीसवर धरून. पाठ घामाने ओली. शेवटी म्हटलं, 'हर्षल, गाडी डांबरीवरच लावू. चालत जाऊ. चारी आहे.' तो हसला नुसता. 'चला तर खरं. अण्णा वाट बघतायत.'

वळणावर अण्णा उभे. नवी टोपी, हातात उपरणं. चारीकडे वळायला लागलो तर ते उपरणं हलवायला लागले, पुढे या, अजून पुढे या. पुढे गेलो. तिथे नवीन वाट फुटली होती. लाल मुरूम, वर रोलर फिरवलेला, धूळ बसावी म्हणून पाणी मारलेलं. सरळ घरापर्यंत. कुठे उंच नाही की खोल नाही.

मला क्षणभर कळेचना, इथे वाट कुठून आली. मग बांधावर बघितलं. वेलांचा ढीग. बुडखे माझ्या मनगटाएवढे. खरडछाटणीनंतरची कोवळी फूट अजून काही फांद्यांना होती, मान टाकलेली. शेजारी उपटलेले लोखंडी अँगल रचून ठेवलेले, तारांची गुंडाळी.

जावयाची ओळ होती ती.

मी त्या वाटेवरून गाडी नेली. दुसरं काय करणार. कुठेही टेकली नाही. दारात थांबलो तर अण्णा गुडघे धरत खाली वाकले, पोटाखाली बघितलं आणि म्हणाले, 'लागली नाय. झालं काम.' लहान मुलासारखा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर.

पाय धुतले, ओवाळलं. दोघांना सारखा चांदीचा दिवा, सारखे कपडे, पानात सारखे धोंडे. अण्णांनी माझ्या पानावर स्वतः तूप वाढलं, नको म्हणेपर्यंत. ओळीबद्दल एवढंच बोलले, 'येल काय, परत लावू.'

इतकी वर्षं मी त्या चारीवरून आदळत गेलो. संध्या पोटुशी होती तेव्हा गाडीतून उतरून चालत चारी ओलांडायची. तेव्हा एक पाटी मुरूम कुणी टाकला नाही. आणि धाकट्याची गाडी आली तर माझी ओळ मुळासकट काढली! पैसा असला की सासरासुद्धा बदलतो. मला आता त्या घरी जायचंच नाही. पुढच्या वर्षी काढणी कुठून सुरू करणार हेही विचारणार नाही.

८ जून, सोमवार

सकाळी चहाच्या वेळी संध्याला हे सगळं बोलून दाखवलं. तिने कप खाली ठेवला.

'तुम्हाला खरंच माहीत नाही? हर्षल मागच्या रविवारी अण्णांना सांगायला गेला होता, ही गाडी आपल्या चारीवर टेकेल, मी करडीच घेतो. अण्णांनी घेऊ दिली नाही. म्हणाले, मनोजरावांनी सोता चालवून सांगितलंय. त्यांनी चारीचा इचार केला नसंल का? त्यांचा शब्द खाली पडायला नको. रस्त्याचं मी बघतो.'

मी केला होता चारीचा विचार.