अर्धी पेपरमिंट

प्रिय हिल्के,

काल चर्चमध्ये मी सगळ्यांदेखत घोटाळा करून बसले. पाळकबाईंनी उपदेश सुरू केला आणि हाताच्या सवयीने मी पेपरमिंटची गोळी काढली, मोडली आणि अर्धी डावीकडे सरकवली, तुझ्या जागेवर. बाहेर कुरणांवर इतकं धुकं होतं की खिडक्या दुधाने भरल्यासारख्या दिसत होत्या. जणू चर्च सुटून कालव्यावरून तरंगत निघालं होतं. तू पाय हलवत बसली आहेस, पलीकडे तुझे बाबा पेंगताहेत, असं मला खरंच वाटलं. ती गोळी टणटण करत फरशीवरून थेट पाळकबाईंच्या पायाशी गेली. त्या म्हणाल्या, "आज उपदेश इतका कडू झाला का हो?" सगळे हसले. सगळे म्हणजे एका बाकावर मावतील एवढेच.

चर्च विकलं गेलं, हे तुला ठाऊक आहेच. तिथे खेळ म्हणून दोर बांधून भिंतीवर चढायला शिकवणार आहेत. फोनवर तू म्हणालीस, "चला, शेवटी कुणीतरी वर जाईल!" मीही हसले. प्रार्थना काय, ओट्यापाशीही होते. देव पत्ता चुकायचा नाही. पण फोन ठेवल्यावर ग्रीतकाकू आठवल्या. गुडघ्यांमुळे त्यांनी चर्चला येणं सोडलं होतं. गेल्या हिवाळ्यात त्या घरात वारल्या आणि त्यांचे पडदे कितीतरी दिवस ओढलेलेच राहिले, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. पूर्वी बाकावरची एक जागा रिकामी दिसली, की दुपारच्या आत कुणीतरी मटाराच्या सुपाचं पातेलं घेऊन दारात उभं: "काय गं, उठवत नाही का?" त्या चौकशांना कंटाळूनच तू रॉटरडॅमला गेलीस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तुझा स्कर्ट किती आखूड आहे, हे पाहणारे डोळे मलाही नकोसे व्हायचे. पण त्याच डोळ्यांना ते पडदेही दिसले असते गं.

येत्या रविवारी शेवटची उपासना आहे. तू ये. विश्वास ठेव असं म्हणत नाही. तोंडात गोळी असली की स्तोत्रही म्हणावं लागत नाही. नुसती माझ्या डावीकडे बस. त्यानंतर या गावात माझी जागा रिकामी दिसेल, अशी जागाच उरणार नाही. मी आहे की नाही, हे तुलाच बघावं लागेल. पाळकबाईंनी ती अर्धी गोळी परत दिली. पुसून ठेवली आहे.

तुझीच, वाट पाहणारी,
आई