दोरोतेयाचा वारा

३ ऑगस्ट, स्प्लिट बंदर

आलो एकदाचे! दोरोतेया फोटोपेक्षाही देखणी आहे. तीन डोलकाठ्या, पांढरी शिडं, इंजिनाचं नाव नाही. नवरोबा रोको म्हणतो, फोन पेटीत कोंब, आता फक्त तू, मी आणि वारा. खोली एवढीशी की एकानं उभं राहायचं तर दुसऱ्यानं बसायचं. मधली फळी इतकी पातळ, की शेजारच्या पेरीनाकाकूंचा खोकलासुद्धा ऐकू येतो. त्या शिबेनिकच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान शिमेकाका भारी बोलके. अंजिरं सोलून आग्रहानं खायला घालतात. झाग्रेबचं एक जोडपंही आहे, जरा आखडू. कप्तान बार्बा लूव्रो मात्र शांत, चर्चमधल्या पाद्र्यासारखा.

जेवायला निखाऱ्यावरचे सार्डिन मासे होते. मी रोकोच्या माशांतले काटे काढून देत होते, तर पेरीनाकाकू म्हणाल्या, "अगं, अजून भरवतेस? थांब जरा, पुढे काटेच तेवढे उरतील." सगळे हसले. मीही.

५ ऑगस्ट

वारा पडला. शिडं ओल्या धुण्यासारखी लोंबताहेत. टाकीतल्या पाण्याला वास यायला लागलाय, सगळे एकमेकांवर खेकसताहेत. दुपारी बार्बानं पोहायला शिडी सोडली. शिमेकाका गाणं म्हणत उतरले. मी उतरले नाही. माझा खांदा निखळल्यापासून हात वर जात नाही.

तेवढ्यात बार्बानं शिडी वर ओढली.

मला वाटलं थट्टा चाललीय. शिमेकाकाही हसत होते. समुद्र तेलासारखा निपचित, आणि एकाएकी शिडं फुगली. जहाज चालू लागलं. शिमेकाका मागे पोहत होते, हाका मारत होते. रोको बुडणाऱ्यासाठी ठेवलेलं तरंगतं कडं फेकायला धावला, तर झाग्रेबच्या माणसानं त्याचे हात धरले. मी पेरीनाकाकूंकडे पळाले. त्या कॉफी पीत होत्या. म्हणाल्या, "कोण शिमे? मी तर एकटीच आलेय."

६ ऑगस्ट

रोको बार्बाशी भांडला. जहाज बंदरात वळव म्हणाला. बार्बाचा आवाजसुद्धा चढला नाही. म्हणाला, "समुद्रानं मागितलं की द्यावं लागतं, बाबा. मी कुणाला ढकलत नाही. कोण जाणार ते जोडप्यानं ठरवायचं. जहाजावर राहिलेल्यानं एवढंच म्हणायचं, मी एकटा आलोय."

खोलीत मी रडायला लागले. रोकोनं माझ्या तोंडावर हात दाबला, फळीकडे बोट दाखवलं. घट्ट दाबला होता. त्याचे डोळे मला आवडले नाहीत.

७ ऑगस्ट

पुन्हा वारा पडला. आज झाग्रेबची बाई. तिच्या नवऱ्यानं वरून हात हलवला, बोटीवर सोडायला आल्यासारखा.

शिडं फुगली तेव्हा गार वारा तोंडावर आला. बरं वाटलं. लिहून ठेवते, मला बरं वाटलं.

८ ऑगस्ट

रोको पेरीनाकाकूंशी कुजबुजत होता. मला पाहून गप्प झाला. नंतर म्हणाला, उद्या आपण पोहू या. बूट घालूनच उतर. मी म्हणाले, खांदा दुखतो. हसून म्हणाला, "अगं, मी आहे ना."

मी उतरत नाही हे त्याला माहीत आहे. मग एवढा आग्रह का? बूट घालून माणूस बुडतो लवकर —

९ ऑगस्ट

वारा नाही. शेजारी एक बेट, इतकं जवळ की शेळ्या दिसत होत्या. रोको आधी उतरला. हात पसरून म्हणाला, "ये ना, येल्का! चटकन!" चटकन कशाला? बार्बा माझ्याजवळ उभा होता. काही विचारलं नाही त्यानं.

मी म्हणाले, मी एकटीच आलेय.

रोको ओरडला नाही. हात तसेच पसरलेले. शिडं फुगली. तो बेटाकडे वळला नाही — जहाजामागेच पोहत राहिला — दिसेनासा होईपर्यंत.

१० ऑगस्ट

पेरीनाकाकू कॉफी घेऊन आल्या. रोकोच्या जागेवर बसल्या. म्हणाल्या, "वेडा गं तुझा नवरा. मला विचारत होता, खांदा अधू असलेल्या बाईला ओढत बेटापर्यंत नेता येईल का. किनाऱ्याचे दगड धारदार आहेत का. तुला घेऊन पळणार होता."

मी विचारलं, मग तुम्ही मला का नाही सांगितलंत?

साखर ढवळत म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तूही गेली असतीस. मग वारा कुठनं आला असता?"

बूट. दगडांसाठी. माझ्या पायांसाठी —

११ ऑगस्ट

वारा पडला.

पेरीनाकाकू आणि झाग्रेबचा माणूस हात धरून बसलेत. बार्बाला म्हणाले, आम्ही जोडपं. बार्बानं मान डोलावली. आता जोडीदाराविना मीच तेवढी.

मी खोलीत. कडी लावलीय. पेटी दाराला —

शिडी सोडल्याचा आवाज.

दाराशी आलेत. खांदे लावताहेत. बार्बा विचारतोय, आत कोण आहे, कुणाची आहे ती? पेरीनाकाकू म्हणतात, कुणाची नाही, एकटीच आलीय. मी ओरडतेय — खोटं आहे — मी रोकोची — मी रोको