आवाज व कंपन विभाग, मुक्काम आगाशी

॥ श्री भवानीशंकर प्रसन्न ॥

आगाशी,
रविवार, ता. १९ फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप सौ. सुभद्राअक्का हिच्या पायांवर धाकट्या भालचंद्राचे डोके. (कंबर धरल्यामुळे सध्या प्रत्यक्ष वाकता येत नाही, म्हणून पत्रातूनच वाकून घेतो.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का? केळव्याला यंदा थंडी लांबली असे ऐकतो, तेव्हा त्यांनी पहाटे वाडी शिंपायला जाऊ नये आणि गेलेच तर कान बांधून जावे. इकडे सर्व क्षेम आहे. मथुरेची दाढ काढली. दाढ काढल्यावर दोन दिवस तिला बोलता येत नव्हते, त्या काळात घरात काय काय करायचे राहिले ते आता रोज कळते आहे. राजेळी केळी चांगली धरली आहेत.

पत्र लिहायला बसलो याचे कारण, आपली अनसूया चिटणीस झाली. ग्रामपंचायतीची नव्हे आणि भाजीपाला सोसायटीचीही नव्हे. मुंबईला ‘पश्चिम किनारा यंत्र-अभियंता संघ’ म्हणून मोठमोठ्या इंजिनियरांची संस्था आहे, तिच्या ‘आवाज व कंपन विभागा’ची. या संघात सगळ्यांनी सगळे करायचे नाही, असा नियम दिसतो. बॉयलरवाल्यांचा विभाग वेगळा, बर्फ-थंडीवाल्यांचा वेगळा, शेतीच्या यंत्रांचा वेगळा, आणि यंत्र चालताना जो आवाज होतो व जमीन हादरते तेवढ्यापुरता हा आपला विभाग. मी हे गावात सांगितले तेव्हा बाजारातल्या एकाने विचारले की लग्नात भोंगे लावायचे कामही हाच विभाग घेतो का. दुसऱ्याने कंपन म्हणजे भूकंप असे धरून, येणार असेल तर आधी कळवा, असे सांगून ठेवले. मी कोणावर रागावलो नाही. चिटणिसाच्या बापाने रागावून चालत नाही.

आता ही चिटणिशी कशी टिकली ते सविस्तर लिहितो, कारण ती जायला बसली होती. अनसूया वसई पूर्वेच्या कारखान्यात नोकरी करून गेल्या दिवाळीपर्यंत हंगामी चिटणीस म्हणून विभागाचे काम पाहत होती. दिवाळीनंतर संघाच्या कार्यकारिणीने असे काढले की या विभागाने इंग्रजीत निबंध पुष्कळ लिहिले, पण त्याने कोणाचे काही भले झाल्याचे दिसत नाही, तेव्हा विभाग मोडून बॉयलर विभागात घालावा. बॉयलर विभागाचे प्रमुख मोठे वजनदार गृहस्थ. (दोन्ही अर्थांनी.) त्यांनी भर सभेत म्हटले म्हणे, की मुलीला एवढी आवाजाची अडचण असेल तर तिने कानांत कापूस घालावा. त्या दिवशी अनसूया घरी आली आणि न जेवता ओटा झाडत बसली. आमच्या घरात कोणी गप्प बसले की सगळ्यांना धसका बसतो. मथुरेने पाठीवर हात ठेवला तेव्हा ती म्हणाली, “आई, मी त्यांना फेब्रुवारीपर्यंत मुदत मागितलीय. एक काम करून दाखवते म्हटलं. नाही जमलं तर मी स्वतःच राजीनामा देईन.”

आणि काम तिने कुठले निवडावे? हिरामणची गिरणी. ही गिरणी तू पाहिलेली आहेस, पण तिच्या शेजारीच सांडोरच्या रोझमेरीबाईंनी प्रसूतिगृह काढले ते तू पाहिलेले नाहीस. हिरामणचे डिझेलचे इंजिन, त्याचा धूर सोडणारा नळ नेमका प्रसूतिगृहाच्या खिडकीकडे तोंड करून, आणि इंजिन सुरू झाले की ठॅक-ठॅक-ठॅक असा आवाज, की बाळंतिणींच्या खाटेखालची भांडी आपणहून सरकत भिंतीपर्यंत जात. रोझमेरीबाई म्हणत की बाळाला पाजून आईचा डोळा लागतो न लागतो तोच याचे इंजिन लागते. हिरामण म्हणे, गिरणी आधीपासूनची आहे, आणि गावाने कच्चे तांदूळ-गहू चावून खायचे का? अक्का, दोघांचेही खरे होते, म्हणून तर भांडण मिटत नव्हते. पंचायतीत हा विषय निघाला की सरपंचांना लघवीला जावे लागे.

अनसूयेने सुट्ट्या आणि संध्याकाळी या कामाला लावल्या. कारखान्यातून आली की पायजमा-सदरा घालून गिरणीत शिरायची ती काळीनिळी होऊन बाहेर पडायची. तिचा बेत असा, की धुराचा नळ वळवून जमिनीखाली विटांनी बांधलेल्या खड्ड्यात सोडायचा, म्हणजे आवाज तिथेच जिरेल आणि धूर मागच्या बाजूने उंच नळीतून जाईल. इंजिनाच्या पायाभोवती चर खणून पाया बाकीच्या जमिनीपासून सोडवायचा आणि इंजिनाखाली ट्रकच्या टायरांचे जाड रबर घालायचे. खिडकीकडची भिंत दुहेरी करायची. खड्ड्यात काय भरावे असा प्रश्न आला तेव्हा मी काथ्या सुचवला. आपल्या वाडीतला स्वच्छ काथ्या, आवाज कसा गिळतो ते गादीवर झोपणाऱ्याला विचार. अनसूया जरा घुटमळली, परंतु मी पडलो वडील.

काथ्याने आवाज खरोखर गिळला. थोडा वेळ. मग इंजिनाच्या उष्ण धुराने तो आतून धुमसू लागला, आणि असा पिवळा, कडू धूर निघाला की बाजारातली माणसे भाजीच्या टोपल्या टाकून हंडे-बादल्या घेऊन धावली. रोझमेरीबाईंनी दोन बाळंतिणी बाळांसह उचलून आमच्या ओट्यावर आणून ठेवल्या. मथुरेने त्यांना अळिवाची खीर करून घातली, आणि त्यातली एक तर संध्याकाळी परत जायला तयार होईना. हिरामण डोक्याला हात लावून बसला होता. मी काथ्याची प्रत यंदा पूर्वीसारखी राहिली नाही असे काही जणांना समजावून सांगत होतो. एवढ्यात अनसूया आली, तोंड काजळीने माखलेले, फक्त डोळे तेवढे पांढरे. मला वाटले आता ऐकावे लागणार. पण ती म्हणाली, “बाबा, काथ्याची कल्पना वाईट नव्हती. इंजिनाच्या धुराला ती चालत नाही एवढंच.” अक्का, एवढ्या सभ्यपणे मला आजवर कोणी मूर्ख म्हटले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून तिने खड्डा साफ करून त्यात दगडगोटे आणि फुटक्या विटा भरल्या, आणि या वेळी मला कोणी काही विचारले नाही.

मग परीक्षेचा दिवस आला. संघाचे अध्यक्ष, बॉयलरवाले प्रमुख आणि विभागातली मंडळी जीपने यायची होती. अनसूयेने एका कॉलेजातून आवाज मोजण्याचे यंत्र उसने आणले होते. त्याला काटा असतो, आवाज जसा मोठा तसा तो उजवीकडे जातो. पूर्वीचे आकडे तिने मोजून ठेवले होते, नवे अध्यक्षांसमोर मोजायचे आणि फरक दाखवायचा, असे ठरलेले. आता, एवढी मोठी माणसे आपल्या गावात पहिल्यांदा येणार, चिटणिसाच्या घराण्याने त्यांचे स्वागत करायला नको का? मी अर्नाळ्याहून ढोल-ताशा सांगितला. अनसूयेला सांगितले नव्हते, तिला आनंदाचा धक्का द्यावा असा विचार होता.

धक्का बसला. जीप नाक्यावर थांबली, अध्यक्षांनी एक पाय खाली ठेवला आणि ताशे कडाडले. अनसूया गिरणीतून यंत्र हातात घेऊनच पळत आली आणि दुसरा हात हलवून थांबा थांबा करू लागली. ताशावाल्यांना वाटले बाईसाहेब नाचताहेत, त्यांनी ठेका दुप्पट केला. त्या गर्दीत तिला धक्का लागला, यंत्र प्रसूतिगृहाच्या पायरीवर आपटले, आणि काटा जो उजव्या टोकाला जाऊन बसला तो बसलाच. बॉयलरवाले खो-खो हसले. अध्यक्ष भले गृहस्थ दिसले, पण तेही म्हणाले की आकड्यांशिवाय कार्यकारिणीला मी काय सांगू? मी ताशावाल्यांना घालवले आणि जाऊन फणसाच्या झाडामागे उभा राहिलो. तिथून मला माझ्या मुलीचा चेहरा दिसत होता. अक्का, तो पाहवत नव्हता, आणि दुसरीकडे बघवतही नव्हते.

पण ती रडली नाही. तिने ते मोडके यंत्र जपून गोणपाटात गुंडाळले, हिरामणच्या कानात काही सांगितले आणि अध्यक्षांना म्हणाली की साहेब, आधी आत बसून पाणी घ्या, रोझमेरीबाईंशी ओळख करून देते. सगळे आत गेले. मी फणसामागून खिडकीखाली आलो. (चोरून नव्हे. खिडकी माझ्या वाटेतच होती.) आत तीन बाळंतिणी भरदुपारी गाढ झोपलेल्या. त्यांची झोप मोडू नये म्हणून रोझमेरीबाई हलक्या आवाजात बोलत होत्या, आणि त्यांच्या धाकाने अध्यक्षही तसेच बोलू लागले. बाईंनी त्यांना शहाळे दिले. अध्यक्षांनी आपल्या थोरल्याच्या जन्माची हकीकत सांगितली, कारखान्याशेजारच्या चाळीत बायकोला महिनाभर झोप कशी नव्हती ती. बॉयलरवाले तेवढे घड्याळ पाहत होते. शेवटी अध्यक्षांनी शहाळे खाली ठेवले आणि म्हणाले, “बरं, आता गिरणी सुरू करायला सांगा. बघू तरी.”

अनसूया म्हणाली, “साहेब, तुम्ही बसल्यापासून ती चालूच आहे.”

अध्यक्षांनी हात भिंतीवर टेकवून पाहिला, मग पाऊल जमिनीवर दाबून पाहिले. बॉयलरवाले ताडकन उठून बाहेर गेले, खोटे पकडायलाच गेले, आणि परत आले ते चष्म्यावर पीठ उडालेले घेऊन. ते काही बोलण्याआधी एक बाळ उठून रडायला लागले. सबंध खोलीत तेवढा एकच आवाज होता. मलाही खिडकीखालून ‘शाबास’ म्हणून ओरडायचे होते, पण मी आवाज होऊ दिला नाही, आणि हे मथुरेला अजून खरे वाटत नाही.

विभाग राहिला. बॉयलरवाल्यांनीच ठरावाला अनुमोदन दिले, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवे. अनसूया कायम चिटणीस झाली. संघाच्या कुठल्याही विभागाला बाई चिटणीस मिळण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती बाई आगाशीची. आता बाजारात गेलो की लोक मला वाट देतात. (काही जण काथ्याचा भाव विचारतात, त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही.)

फक्त हिरामण थोडा नाराज झाला. चार दिवसांनी तो ओट्यावर येऊन बसला आणि अनसूयेला म्हणाला, “पोरी, काम लय झ्याक केलंस. पन आता गिरनी चालू हाय का बंद, कोनाला कलतच नाय. बाया घरातनं कान देतात नि दलन घेऊन बसून रातात.” खरेच होते, सगळे गाव त्या ठॅक-ठॅकवरच दळण काढत असे. तेव्हा गिरणी चालू असली की बांबूवर कापड चढवायचे ठरले. लाल लावले तर लोक पक्ष विचारू लागले, भगवे लावले तर उत्सव विचारू लागले. शेवटी मथुरेने जुन्या फुलाफुलांच्या लुगड्याचा तुकडा दिला, त्याला अजून कोणी पक्ष सापडलेला नाही. रोझमेरीबाई आणि हिरामण आता एकमेकांशी बोलतात, आणि हिरामणची सून पुढच्या महिन्यात तिथेच बाळंत होणार आहे.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मोठ्यांच्या पुण्याईने चालले आहे, असेच चालावे.

तुझा धाकटा भाऊ,
भालचंद्र

ता. क. मथुरेने पत्र वाचले. ती म्हणते, विभाग विभाग असे लिहिलेत त्यावरून अक्कांना वाटेल की शेकडो माणसे आहेत, तेव्हा खरे ते कळवा. विभागात अनसूया धरून चार जण आहेत. त्यांतले एक बडोद्याला बदलून गेले आणि एकांना कमी ऐकू येते. पण चिटणीस ती चिटणीसच.

दुसरा ता. क. पुढच्या महिन्यात मुंबईला संघाची मोठी सभा आहे. तिथे व्यासपीठावरून अनसूया या कामावर निबंध वाचणार. घरातून मथुरा जाणार आहे. मी जायचे नाही असे चिटणिसांनी तोंडी कळवले आहे, कारण विचारले तर नुसते हसतात. अक्का, तिला इंजिनियरिंगला घालू नका असे सगळे सांगत होते तेव्हा तू एकटी म्हणालीस, शिकू दे. तुझा शब्द ती मोडणार नाही. तू तिला दोन ओळी लिही की बाबांना सोबत ने. मी अगदी शेवटच्या रांगेत बसेन. टाळ्यासुद्धा इतरांनी वाजवल्या तरच वाजवीन. वरचे सगळे पत्र तू वाचले नाहीस तरी चालेल, एवढे मात्र कर.

तिसरा ता. क. आत्ताच अनसूया मागे येऊन उभी राहिली होती. एवढे लांबलचक आत्याला काय लिहिताय, असे तिने विचारले. मी कागदावर हात ठेवला आणि म्हटले, केळव्याहून पानवेली मागवतोय. तरी उत्तराबरोबर चार वेल जरूर पाठव, म्हणजे मी खोटा पडणार नाही.