चौदा अंशांवरची पोर्ट

२ मार्च, सोमवार
कप्तान येऊन गेला. कप्तान म्हणजे हिचा धाकटा भाऊ. जहाजावर इंजिनियर आहे, पण घरात सगळे कप्तानच म्हणतात. जिभेच्या कडेला गाठ निघालीय. डॉक्टरांच्या मते गाठ साधी, पण कापताना जीभ किती जाईल सांगता येत नाही. चव राहील, न राहील. ऑपरेशन पुढच्या बुधवारी.

ही रडली. मीही रडणारच होतो, तेवढ्यात त्याने पिशवीतून बाटली काढली. टॉनी पोर्ट, म्हणजे गोडसर, कडक वाईन. चाळीस वर्षं लाकडी पिंपात मुरलेली. कुठल्याशा बंदरात घेतलेली, मोठ्या प्रसंगासाठी जपून ठेवलेली. म्हणाला, ऑपरेशनच्या आधी ताईकडे बसून प्यायची. जिभेला शेवटची धड चव हीच मिळू दे.

सर्व्ह करायची जबाबदारी मी घेतली. कोणी दिली नव्हती.

२ मार्च, जेवणानंतर
का घेतली ते लिहून ठेवतो. गेल्या वर्षी त्याच्याकडे अशीच पोर्ट मिळाली होती. मी तिच्यात बर्फ घातला. वर सोडाही. कप्तानने बाटली आपल्याकडे ओढून घेतली, त्याची बायको भिंतीकडे बघत बसली. आठवलं की अजून कान तापतात. यावेळी दाखवूनच देतो.

४ मार्च, बुधवार
अभ्यास पूर्ण. टॉनीचं वय पिंपातच होतं. लाल रंग तिथेच उतरतो, गाळही तिथेच राहतो. म्हणून गाळायची, दुसऱ्या भांड्यात ओतायची काही गरज नाही. बाटली उभी ठेवायची. ग्लास लहान आणि अर्धाच भरायचा. तापमान बारा ते चौदा अंश. मी चौदा ठरवलं.

ही म्हणाली, फ्रिजमध्ये ठेवा आणि जेवायच्या जरा आधी बाहेर काढा. मला हसू आलं. लोकांचे थर्मामीटर खरं बोलतात की नाही हे तपासणाऱ्या लॅबचा मी प्रमुख, आणि फ्रिज! आमच्या फ्रिजमध्ये दाराच्या खणात एक तापमान, भाजीच्या खणात भलतंच. तिला सविस्तर समजावलं. ती कांदा चिरत राहिली.

५ मार्च, गुरुवार
चवीचे शब्द पाठ केले. अक्रोड, कॅरमल, संत्र्याची साल, जुनं लाकूड. चहावर सराव केला. घोट तोंडात फिरवायचा आणि नाकाने श्वास सोडायचा. शर्ट धुवायला टाकला.

जुन्या लाकडाचा वास नेमका कसा हे बघायला ऑफिसच्या फायलींच्या कपाटात डोकं घातलं. साहेब आले. बिजागरी बघतोय म्हटलं.

६ मार्च, शुक्रवार
बाटली लॅबमध्ये आणली. आमच्याकडे चेंबर आहे, कपाटाएवढं. सांगाल ते तापमान आत धरून ठेवतं, तसूभरही इकडचं तिकडे नाही. कप्तान जेवायला सोमवारी येणार. तोवर बाटली बरोबर चौदावर राहील.

खाण्यापिण्याच्या वस्तू चेंबरमध्ये ठेवायला मनाई आहे. पण तो नियम मीच लिहिलाय, त्यामुळे त्यामागचा हेतू मला ठाऊक आहे. कोणी हात लावू नये म्हणून बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: ‘संदर्भ नमुना’. आता निर्धास्त.

७ मार्च, शनिवार
लॅबमधल्या ज्युनिअरचे सारखे फोन. घेतले नाहीत. ओतायचा सराव चालू होता, कोरा चहा, लहान ग्लास, मनगट सैल. सुट्टीच्या दिवशी ऑफिस डोक्यात येऊ द्यायचं नाही, हे आजपासून पक्कं.

८ मार्च, रविवार
आरशासमोर भाषण म्हटलं. छोटंसंच आहे, पिंपापासून जिभेपर्यंत. ही दारातून म्हणाली, त्याला शांतपणे पिऊ द्या हो. तिला यातलं कळत नाही.

ज्युनिअरचा मेसेज आलाय: तुमच्या सूचनेप्रमाणे नमुना आतच ठेवून प्रोग्राम सुरू केला आहे. गुणी मुलगी. कुठला प्रोग्राम ते विचारायचं राहिलं.

९ मार्च, सोमवार, सकाळ
मेलो.

एका औषध कंपनीची तापमान नोंदवणारी यंत्रं या शनिवार-रविवारी चेंबरमध्ये तपासायची होती. उणे तीसपर्यंत गार, मग सत्तरपर्यंत गरम. वेळापत्रक मी केलेलं. खाली सही माझी. आणि चाचणी चालू असताना संदर्भ नमुना बाहेर काढायचा नाही हेही माझंच, लॅमिनेट करून भिंतीवर लावलेलं. पोरीने वाचलं आणि पाळलं. फोन त्यासाठीच करत होती.

पोर्ट गोठून फुगली, बूच उडालं, काच तडकली. मग सत्तर अंशांवर सगळं तळाशी भाजून निघालं. औषध कंपनीची यंत्रं त्यात चिकटून बसलीत. वास मात्र सुरेख. अक्रोड, कॅरमल, संत्र्याची साल, अगदी लिहिल्याबरहुकूम.

ज्युनिअरचे डोळे भरून आले. तिला वाटतंय चूक तिची. तिने माझी माफी मागितली. मी माफ केलं.

९ मार्च, दुपार
विचार केला. ऑपरेशनला निघालेल्या माणसाला धक्का देणं बरं नव्हे. कप्तानच्या तब्येतीचा प्रश्न आहे, माझा नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानातून टॉनी घेतली. साधी, कोवळी. दुकानदाराने कशासाठी हवी विचारलं, केकमध्ये घालायला म्हटलं. घरी येऊन काचेच्या जारमध्ये ओतली आणि रिकामी बाटली लपवली. कप्तानला सांगायचं की मोकळी हवा लागावी म्हणून जारमध्ये काढली. टॉनीला त्याची गरज नसते हे मला माहीत आहे. त्यालाही माहीत असलं तर पंचाईत.

१० मार्च, मंगळवार
कालचं लिहितो. 

कप्तान इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. जार बघून काही विचारलं नाही. त्याचा माझ्यावर विश्वास आहे. भाषण विसरलो. ‘अक्रोड’ एवढंच तोंडातून आलं, तेही घोगरं.

त्याने ग्लास दिव्यासमोर धरला. एवढासा घोट घेतला, कितीतरी वेळ तोंडात ठेवला, डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी आलं. मग उठून मला मिठी मारली आणि म्हणाला, “दाजी, हीच चव घेऊन आत जातो.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वर त्याने जहाजावरच्या मित्रांना फोन लावून प्रत्येकाला ती चव वर्णन करून सांगितली. अक्रोड म्हणाला. मी म्हटलेलाच शब्द. आणि निघताना बजावलं, उरलेली जपून ठेवा.

हिने एक घोट घेतला. माझ्याकडे बघितलं. दुसरा घेतला आणि ताटं उचलायला लागली. 

ठरलं. ऑपरेशन झालं की सगळं सांगायचं. तेव्हा त्याला चवच नसेल, म्हणजे खरी काय आणि खोटी काय, फारसा फरक पडणार नाही. असला विचार माझ्या डोक्यात आला. कोणी घातला नव्हता.

११ मार्च, बुधवार
ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, वाटलं होतं त्यापेक्षा फारच थोडं कापावं लागलं. चव शाबूत राहील.

कप्तानची बायको हिच्या गळ्यात पडली. दोघी हसत होत्या, रडत होत्या. आणि मला वाईट वाटलं. हे इथेच लिहितो, कारण कुठे बोलायची सोय नाही. माणसाची जीभ वाचली आणि मी बाटलीचा हिशेब करत होतो. पोर्ट पुन्हा मागणार, हाच पहिला विचार.

हिने माझा चेहरा बघितला असावा. मला जिन्यापाशी नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, “मला पहिल्याच घोटाला कळलं होतं. तो सुखाने आत जातोय म्हणून गप्प बसले. आता तुम्ही सांगा त्याला.”

१३ मार्च, शुक्रवार
गेलो होतो. तो झोपला होता. आजारी माणसाला उठवू नये. जरा कुशीवर वळल्यासारखा वाटला, तसा मी निघालो.

१५ मार्च, रविवार
सांगितलं.

कप्तान आता हळूहळू बोलतो. मी गेलो तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना त्याच पोर्टबद्दल सांगत होता. चाळीस वर्षांची चव काय असते ते एकदा कळलं की माणूस दुसरं काही पिऊ शकत नाही, म्हणे. मला बघून खूश झाला. विचारलं, उरलेली आहे ना, टाके निघाले की दोघं बसू.

मग मी बोलत सुटलो. चेंबर, उणे तीस, सत्तर, चिठ्ठी, कोपऱ्यावरचं दुकान, जार. आजोबा ऐकतायत हे कळत होतं, पण थांबता येईना. तो चिडेल अशी तयारी ठेवली होती. चिडला असता तर चार शिव्या खाऊन मोकळा झालो असतो.

चिडला नाही. उशी सरळ केली. मग म्हणाला, “म्हणजे मला काही कळलंच नाही?”

नाही रे, भल्याभल्यांना कळत नाही, असं म्हणायला हवं होतं.  आजोबांनी वर्तमानपत्र उघडलं आणि तोंडासमोर धरलं. कप्तानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने चादर गळ्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी स्वतःची लाज उतरवायला गेलो होतो, ती त्याच्या अंगावर घालून आलो.

ही बाहेर बाकावर बसली होती. विचारलं, सांगितलंत? म्हटलं, हो. मग विचारलं, कसं घेतलं त्याने?

चांगलं घेतलं, म्हटलं. हसला थोडा.

तिला बरं वाटलं.