धान भरून पारखलेली काच

घुग्घुस, ९ जानेवारी १९८४

ती. श्रावणभाऊंस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काल धानोऱ्याला तुमच्या शाळेत जे झाले ते आधी लिहिते.

१. माशांची टाकी चार फूट लांब, दोन फूट उंच. काच पाच मिलिमीटर.
२. तीत तुम्ही तीन दिवस काठोकाठ धान भरून ठेवले होते. काच तडकली नाही.
३. माझ्यासमोर पाणी सोडले. ते दीड फूट चढल्यावर मी काचेला पट्टी लावली. काच मधोमध दोन मिलिमीटर फुगली होती.
४. मी थांबा म्हटले. तुम्ही हसलात, पण थांबलात. पाणी उपसले.

धानाचा दाणा दाण्याला अडतो, पाणी कशालाच अडत नाही. तेवढ्याच उंचीचे पाणी काचेला धानाच्या चौपट रेटते. लांबीने फारसे बिघडत नाही. पाणी किती उंच, ते महत्त्वाचे. दोन फुटांना बारा मिलिमीटर काच हवी. हीच ठेवायची तर पाणी एक फूट, वर नाही.

वहिनींना जयभीम.

तुमची,
चंदा

धानोरा, १३ जानेवारी १९८४

चि. चंदास,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीले वाचून दाखवलं. ती म्हणते, नणंदबाई जन्मल्या त्याच पट्टी घेऊन! हासून हासून पोट दुखलं.

पण बाई, फूटभर पाण्यात मरळ काय फिरन? सव्वीस जानेवारीले पाहुणे येऊन राह्यले, अर्धी टाकी रिकामी दिसली तं काय म्हणतील? इथल्या पोरायनं मासा जाळ्यात पाह्यला, ताटात पाह्यला. समोर पोहताना कुठी पाह्यला? पहिलीची पोरं काचेले नाक लावून बसवणार आहो. पंचवीसले काठोकाठ भरतो.

अन् काच तं तूच चंद्रपूरहून आणून देल्ली. तवा काऊन नाई बोलली?

तब्येतीले जप. लोभ आहेच.

तुझा भाऊ,
श्रावण

घुग्घुस, १७ जानेवारी १९८४

ती. भाऊंस,
सप्रेम जयभीम.

तुमचा प्रश्न बरोबर आहे. काच मी आणली. पाणी किती उंच उभे राहणार, हे मी विचारले नाही. फूटभर असेल असे धरून चालले. कामावर कोणी असे धरून चालले तर मी त्याचा नकाशा परत करते. चूक माझी आहे.

रोज तोच हिशेब पुन्हा मांडते. उत्तर बदलत नाही. जेवणाचा डबा कामावरून तसाच परत येतो. हे लिहिणार नव्हते.

काच फुटताना आधी सांगत नाही. नाक लावून बसलेल्या पोराला मागे सरकायला वेळ मिळणार नाही. बारा मिलिमीटरची काच नागपूरहून फेब्रुवारीत येईल. मी सांगून ठेवली आहे. तोवर मरळ नको, लहान मासे सोडा. वरच्या रिकाम्या काचेवर पोरांकडून माशांची नावे लिहून चिकटवा, गोंडीतलीसुद्धा. पाहुणे ती वाचतील.

रागावलात तरी माया आटू देऊ नका. पाणी किती इंच भरणार, तेवढा आकडा सोमवारी, २३ तारखेपर्यंत माझ्या हाती पडेल असा कळवा.

तुमची,
चंदा