वाटीतला मुरूम

बाबा, आज सकाळी माझ्या ओट्यावर स्टीलच्या वाटीत मुरमाचं एक ढेकूळ भिजत होतं. काल विद्यार्थ्यांना घेऊन तिवशाच्या रस्त्यावर गेले होते, तिथल्या एका घराच्या पायाच्या खड्ड्यातून आणलं. हातात घेतलं तेव्हा चांगलं टणक होतं, आज वाटीच्या तळाशी लगदा झाला आहे. आई असती तर म्हणाली असती, "खायच्या वाटीत दगडं! उद्या ताटात इटा वाढू काय?" अमरावतीच्या या घरात आता वाटीवरून बोलणारं कोणी नाही. मी ती धुते आणि तिच्यातच वरण घेते.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यायचा, हे सगळेच मिस्त्री जाणतात. तुम्ही त्याच्या पुढे एक गोष्ट करायचे. खड्ड्याच्या तळाचा तुकडा घरी आणून संध्याकाळी वाटीत टाकायचा, सकाळी पाहायचा. तसाच राहिला तर पाया भरायचा, विरघळला तर अजून खोल जायचं.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत मूर्तिजापूरला घरी आले होते. सायकल दुकानवाल्या भाईंच्या घराचा पाया चालू होता. तुम्ही तुकडा माझ्या हातात दिला. "तू दगडाचं शिकून राहिली, आता तूच सांग. वाटीत टाकजो अन् सकाळी पाहाजो." मी भिंगातून पाहिलं. फेल्डस्पार खनिजाच्या पांढऱ्या काड्या अगदी रेखीव दिसत होत्या. दगड पक्का आहे हे एवढं स्पष्ट दिसतंय, मग वाटी कशाला, असं मला वाटलं. तुकडा तसाच खिडकीत ठेवला.

सकाळी तुम्ही चपला घालता घालता विचारलंत, "भिजवला व?"

"हो. तसाच आहे."

तुम्ही पाया भरला.

त्याच पावसाळ्यात भाईंच्या घराचा कोपरा खचला. खिडकीपासून छतापर्यंत तडा गेला, त्यात बोट जायचं. भाई दाराशी आले तेव्हा रागावलेले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. "मिस्त्री, इतनी बड़ी खिड़की तो हमने मांगी नहीं थी." तुम्ही म्हणालात, "माझीच नजर चुकली, भाई." पोळ्याला घरी आलेली मी तुमच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते.

दिवाळीत तुम्ही मला जवळ बसवलं. "त्या दगडात काय झालं असन व?" मी वहीवर काढून दाखवलं. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून थोडा आंबटपणा घेऊन खाली झिरपतं. ते फेल्डस्पारमधला सोडियम, कॅल्शियम हळूहळू काढून नेतं. उरतं त्याची पाण्याबरोबर नवी मांडणी होते, तीच चिकणमाती. काडीचा आकार पुष्कळदा तसाच राहतो, कोरडी असेपर्यंत दगडच वाटते. तुम्ही किती लक्ष देऊन ऐकत होतात. कॉलेजात इतकं लक्ष देऊन माझं कोणी ऐकत नाही.

"म्हंजे वरून दगड अन् अंदरून माती," तुम्ही म्हणालात. मग वहीतल्या काडीवर बोट ठेवून, "पन मंग वाटीत कसा नाही उमजला?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणाले, "एका रात्रीत कधी कधी कळत नाही, बाबा."

त्यानंतर तुम्ही प्रत्येक तुकडा दोन-दोन दिवस भिजवायला लागलात. तरी भरवसा बसेना, सारखे उठून वाटीत बोट घालून पाहायचे. वर्षभरात पायाची कामं घेणं सोडलं. लोकांना सांगायचे, "आता नजर नाही राह्यली." शेवटपर्यंत भिंतींना गिलावाच केला.

आता दर वर्षी मी मुलांना ही वाटीची रीत दाखवते. ही कुठल्या पुस्तकात आहे, असं काल एका मुलीनं विचारलं. माझ्या वडिलांची आहे, म्हणाले. "मग त्यांचा अंदाज कधीच चुकला नसेल ना, मॅडम?" मी गाडीत जाऊन बसले.

हा कागद वहीतच राहील. आजचं ढेकूळ तासाभरात विरघळलं, बाबा. एक रात्रही लागत नाही. तुमची नजरही बरोबर होती आणि रीतही. त्या दिवशी वाटी फळीवर कोरडीच होती.