चेहरे तेवढे ठेवले

बाबा, तुमच्या बोटांवरची काळी शाई आठवली की अजून चिडचिड होते, आणि आता ती स्वतःवरच होते. शारजात परदेशी पुस्तकं मागवणाऱ्या कंपनीच्या गोदामात तुम्ही दिवसभर मार्कर घेऊन बसायचात. चित्रांतली उघडी अंगं काळी करायची, पान उजेडात धरून बघायचं, आरपार काही दिसत नसेल तर खलास, पुढचं पान. पुण्यात मित्रांना मी सांगायचो, बाबा पब्लिशिंगमध्ये आहेत.

दोन हजार एकच्या सुट्टीत मी पुण्याहून शारजात, अल नहदाच्या आपल्या फ्लॅटवर आलो होतो. एम.ए.ला प्राचीन ग्रीस होतं आणि हवं ते पुस्तक मी तुमच्याच कंपनीतून मागवलं होतं. शुक्रवारी दुपारी तुम्ही ते कौतुकाने पुढ्यात ठेवलंत. उघडून बघतो तर मातीच्या भांड्यांवरचे सगळे पुरुष गळ्यापासून खाली काळे.

"वाट लावलीत की हो पुस्तकाची!"

"अरे, इथल्या सरकारचा नियम आहे तो. बाकीचे पूर्ण चित्रच काळं करतात. तुझं मी स्वतः केलं. चेहरे तेवढे ठेवले."

आई सुरमई तळत होती. जेवताना तुम्ही विचारलंत, यात आहे तरी काय? मग काय, मी सुरू. म्हटलं, पंडितांचं भांडण आहे. एक म्हणतात, पुरुषाचं पुरुषावर प्रेम तिथे होतं, पण 'तसली माणसं' अशी वेगळी जात नव्हती. वयाने मोठा कोण, नागरिक कोण, गुलाम कोण, एवढंच लोक बघायचे. दुसरे म्हणतात, नाव नसेल दिलेलं, पण जन्मभर तोच ओढा असलेली माणसं तेव्हाही होती, आणि स्वतःला ओळखूनही होती.

तुम्ही काटे काढत ऐकत होतात. "पंडितांचं राहू दे. तुला काय वाटतं? होती का अशी माणसं?" तुम्ही ताटाकडेच बघत होतात. आईचा झारा थांबलेला. अगदी ओठांवर आलं होतं, देवाशपथ. आणि मी म्हणालो, "पुरावे अपुरे आहेत, बाबा."

"बरं," म्हणालात आणि भात मागितलात. डिसेंबरात तुम्ही गेलात, गोदामातच, खुर्चीत बसल्याबसल्या.

आता हाच वाद मी कॉलेजात दरवर्षी शिकवतो. सर, तुमचं मत? असं कुणी विचारलं की तेच वाक्य फेकतो. परवा ते पुस्तक पुन्हा काढलं. एका पानावर दोघे एकमेकांकडे बघताहेत, आणि तुमची शाई हनुवटीखाली इतकी जपून थांबली आहे की ओठांना डागसुद्धा नाही. पुढच्या पानावर शाई उतरू नये म्हणून मधे कागद ठेवला असणार तुम्ही. आणि मी ओरडलो. फार वाईट वाटतं, बाबा.

आत तो कुकर लावतोय. बारा वर्षं आम्ही एकत्र राहतो. आईला मी रूममेट म्हणून सांगितलंय. ती त्याच्यासाठी वेगळे लाडू पाठवते. हे पत्र मी पुस्तकात त्या दोघांच्या पानात ठेवून देणार आहे. फक्त एक सांगतो. तुम्ही ग्रीकांबद्दल विचारत नव्हतात, हे मला तेव्हाच कळलं होतं.